कोरियात किती वाजले?

आमच्या समोरच्या काकांना जगात एकाच विषयावर बोलता येत असे, आणि तो विषय म्हणजे किती वाजले. हवा, महागाई, क्रिकेट, दुसऱ्यांच्या सुना, यांतल्या कशावरही मुलुंडमधला कुठलाही निवृत्त माणूस सहज तासभर बोलू शकतो. काका या सगळ्यांवर ‘हं’ एवढंच म्हणत. पण तुम्ही नुसतं घाईत दिसलात, की त्यांच्या चेहऱ्यावर दिवा लागे. मी सकाळी शाळेत शिकवायला जायला दार ओढून घेत असे तेव्हा समोरचं दार आधीच उघडं असे आणि काका उंबऱ्यावर उभे. ‘सहा अठ्ठावीस,’ ते म्हणत. मी म्हणे, ‘हो काका, निघालेच.’ संध्याकाळी माझा नवरा जिना चढून आला, की ‘सात दहा. आज उशीर.’ नवरा म्हणे, ‘हो ना काका.’ झालं संभाषण. आम्ही त्या बिल्डिंगमध्ये राहायला आल्यावर पहिली दोन वर्षं आमच्यात याखेरीज एक वाक्य झालं नसेल, आणि तरी काकांच्या दृष्टीने आमचा घरोबा होता.

याला कारण त्यांची नोकरी. भांडुपच्या एका कारखान्यात त्यांनी सगळं आयुष्य टाइमकीपर म्हणून काढलं होतं. फाटकाशेजारच्या काचेच्या खोलीत बसायचं आणि कोण किती वाजता आत आला, कोण किती वाजता बाहेर गेला, ते मांडून ठेवायचं. हजारभर माणसं रोज दोनदा त्यांच्यासमोरून जात, आणि त्यातला प्रत्येक जण आत शिरताना काचेवर टकटक करून विचारी, ‘काका, किती झाले?’ निवृत्तीच्या दिवशी नारळ मिळाला, शाल मिळाली, आणि ती हजार माणसं एका संध्याकाळीत संपली. काकू आम्ही येण्याआधीच गेल्या होत्या. एक मुलगी होती, ती इंदूरला दिलेली. तेव्हापासून काका आपल्या दोन खोल्यांत एकटे, आणि त्यांना वेळ विचारणारं कुणी नाही, कारण तोवर शाळकरी पोरांच्या मनगटावरसुद्धा आकड्यांची घड्याळं आली होती. मग न विचारताच सांगायचं, एवढा एकच मार्ग उरला.

तो त्यांनी फार निष्ठेने धरला. रेडिओवर निवेदिकेने ‘सात वाजून पाच मिनिटं झाली आहेत’ म्हटलं, की काका मोठ्याने ‘बरोबर’ म्हणत. भिंतीतून आम्हाला ऐकू येई. कुकरवर त्यांचा विश्वास नव्हता, कारण शिट्टी स्वतःच्या मनाने वाजते. ते भात पातेल्यात शिजवत आणि हातात घड्याळ घेऊन समोर उभे राहत, जसा काही तो भात कामावर उशिरा येणार आहे. बिल्डिंगमधल्या एका लग्नात मुलीच्या आत्याने स्वतः रचलेली मंगलाष्टकं म्हणायला घेतली आणि ती काही केल्या संपेनात. अंतरपाटाअलीकडे नवरी उभी, पलीकडे नवरा उभा, सगळ्यांच्या मुठींत अक्षता घामाने भिजलेल्या. तेव्हा तिसऱ्या रांगेतून काका उठले आणि शांतपणे म्हणाले, ‘गुरुजी, मुहूर्त गेला.’ मुलीच्या वडिलांनी त्यांच्याशी कायमचं बोलणं टाकलं. त्या जोडप्याचा संसार पुढे झकास झाला, पण अजूनही भांडण झालं की नवरा म्हणतो, ‘मला समोरच्या काकांनी तेव्हाच सांगितलं होतं.’

आमच्याकडे फोन आला आणि काका आमच्या घरात येऊ लागले. मजल्यावर तो एकच फोन. त्या काळी एक ठरावीक नंबर फिरवला की एका बाईंचा आवाज वेळ सांगे. तो आवाज आधीच भरून ठेवलेला असे, पण बाई गोड बोलत. काका आठवड्यातून दोनदा मनगटी घड्याळ जुळवायला म्हणून येत. घड्याळ जुळवायला असा किती वेळ लागतो? काका खुर्ची ओढून बसत, रिसीव्हर कानाला लावत आणि ऐकत राहत. एकदा मी चहा घेऊन बाहेर आले तर ते मान हलवत होते आणि हळूच म्हणत होते, ‘हो का? बरं बरं.’ मी चहा तसाच आत नेला आणि थोड्या वेळाने भांडी वाजवत बाहेर आणला.

अशा या माणसाच्या घरात चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमाराला एक कोरियन गृहस्थ राहायला आले. झालं असं, की काकांच्या जुन्या कारखान्यात कोरियाहून एक अजस्र यंत्र आलं, आणि ते बसवायला त्याच्याबरोबर एक माणूस आला. कंपनीचं गेस्ट हाउस दुरुस्तीला काढलेलं होतं. हॉटेलातलं जेवण त्या माणसाला सोसेना. कारखान्यातल्या कुणा साहेबाला काका आठवले: एकटे आहेत, एक खोली रिकामी आहे, आणि गडबड करणारे नाहीत. काकांनी फक्त ‘किती वाजता येणार?’ एवढं विचारलं आणि होकार दिला.

त्या गृहस्थांचं आडनाव ओ. नुसतं ओ, पुढेमागे काही नाही. आपल्याकडे हाक मारली की आपण ‘ओ’ देतो; इथे हाकच ‘ओ’. ‘मिस्टर ओ,’ असं काकांनी जिन्यात म्हटलं की वरच्या मजल्यावरून दोन बायका ‘काय हो?’ म्हणत. चाळिशीचे, ठेंगणे, रुंद खांद्यांचे, कायम नुकतेच झोपेतून उठल्यासारखे दिसणारे. सामानात कपडे थोडे आणि बरण्या जास्त. त्या बरण्यांत लसूण आणि लाल तिखटात मुरवलेला कोबी असे. पहिली बरणी उघडली त्या संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी धावत आले. ‘काका, गॅस गळतोय का बघा.’ काका म्हणाले, ‘गॅस नाही. कोबी आहे.’

मुलुंडमध्ये ओ फार लवकर रुळले, आणि त्याचं श्रेय त्यांच्या आडनावाला. आपल्याकडे रस्त्यावर माणसाला हाक मारताना नाव लागत नाही. ‘ओ दादा, बाजूला व्हा.’ ‘ओ भाऊ, पिशवी पडली.’ मासळी घेऊन येणारी कोळीण जिन्याखालूनच ओरडे, ‘ओ, सुके बोंबील घ्या हो, ओ...’ आणि ओ चप्पल न घालता खाली धावत. आठवड्याभरात त्यांनी त्या कारखान्यातल्या साहेबाला आपल्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं, की या गावात मला सगळे ओळखतात. माझ्या स्वतःच्या गावात इतके लोक मला नावाने हाक मारत नाहीत. साहेबाने ते आम्हाला सांगितलं आणि आम्ही पोट धरून हसलो. काका हसले नाहीत. ‘सांगू नका त्यांना,’ ते म्हणाले. ‘चाललंय ते बरंय.’

घरात मात्र दोघांचं बोलणं होईना. ओंना इंग्रजी येई ते यंत्रापुरतं: बेअरिंग, बोल्ट, ग्रीस, नो गुड. काकांना येई ते हजेरीपुरतं: लेट, हाफ डे, ॲब्सेंट. एवढ्या भांडवलावर दोन माणसं एका टेबलाशी जेवायला बसत आणि भाताकडे बघत. त्यात चौथ्या-पाचव्या दिवशी काका रात्रीच्या जेवणाआधी आमच्याकडे आले. चेहरा उतरलेला.

‘त्याचं घड्याळ पुढे आहे,’ ते म्हणाले.

‘किती?’ माझ्या नवऱ्याने विचारलं.

‘साडेतीन तास. मी नीट करून द्यायला गेलो तर त्याने हात मागे घेतला. असा, छातीशी.’

‘काका, ती कोरियातली वेळ आहे. त्याच्या घरची.’

काकांनी स्वतःच्या मनगटाकडे बघितलं. दुसऱ्या देशात दुसरे वाजलेले असतात हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण एखादा माणूस घरची वेळ मनगटावर बांधून परक्या गावात हिंडत असेल, हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. ‘म्हणजे आत्ता तिकडे निजानीज झाली असेल,’ ते म्हणाले. मग दारापर्यंत जाऊन परत वळले. ‘साडेतीन, नाही का? आपले मुहूर्तही साडेतीनच.’ आणि बऱ्यापैकी खुशीत घरी गेले.

त्याच रात्री त्यांनी ओंच्या मनगटाकडे बोट दाखवून भुवया उंचावल्या. ओंनी आधी घड्याळाकडे बघितलं, मग काकांकडे, आणि आपल्या भाषेत किती वाजले ते सांगितलं. तिथून शिकवणी सुरू झाली. काकांचं एक जुनं गजराचं घड्याळ होतं, मागच्या किल्लीने काटे फिरवता येणारं. जेवण झालं की टेबल पुसायचं, मध्ये ते घड्याळ ठेवायचं. ओंनी काटे फिरवायचे आणि काकांनी कोरियनमध्ये वेळ सांगायची. आमचं स्वयंपाकघर त्यांच्या भिंतीला लागून, त्यामुळे माझ्या भाकऱ्या थापण्याच्या तालावर काकांचं ‘हान-शी, तू-शी, से-शी, ने-शी’ चाले. एक वाजला, दोन वाजले, तीन, चार. काका ते ओवी म्हटल्यासारखं म्हणत. पाचाला ‘तासॉत-शी’, त्यात ‘तास’ आहे म्हणून तो त्यांना एका दिवसात पाठ झाला. आठाला ‘योडॉल-शी’, दहाला ‘योल-शी’, आणि या दोघांत ते इतके दिवस गोंधळले, की कोरियात रात्री आठ आणि दहाच्या मध्ये काही होतच नसेल असं आम्हाला वाटू लागलं.

तासांपर्यंत ठीक चाललं. मिनिटांपाशी काका अडले. कारण मिनिटांना ते आकडे चालतच नाहीत. त्यांना वेगळे: इल, ई, साम, सा, ओ. तास चार असले तर ‘ने’ आणि मिनिटं चार असली तर ‘सा’. काका संतापून आमच्याकडे आले. ‘एका घड्याळाला दोन पाढे. लहान काट्याला एक, मोठ्याला दुसरा. असं कुठे असतं का?’ दुसऱ्या दिवशी पुन्हा आले ते शांत होऊन. ओंनी त्यांना खुणांनी समजावलं होतं. लहान काट्यावर बोट ठेवून ओंनी आपल्या छातीवर हात ठेवला: हे आकडे घरचे. मोठ्या काट्यावर बोट ठेवून दूर खिडकीबाहेर हात केला: हे बाहेरून आलेले. ‘आपणही तेच करतो,’ काका म्हणाले. ‘साडेनऊला ये म्हणतो, आणि आला की फाइव्ह मिनिट्स थांब म्हणतो.’ पाच मिनिटं म्हणजे ‘ओ-बुन’ हे कळल्यावर तर त्यांना फार आनंद झाला. पाहुण्याच्या नावातच पाच आहे. आठ मिनिटांना ‘पाल-बुन’. ते म्हणताना काका प्रत्येक वेळी छताकडे बघून घेत.

एक गोष्ट मात्र त्यांनी शेवटपर्यंत मान्य केली नाही. कोरियनमध्ये दीड नाही, अडीच नाही, सव्वा नाही, पावणे नाही. नुसता ‘बान’, म्हणजे अर्धा. दीड वाजले तर एक आणि अर्धा. ‘म्हणजे साडेएक,’ काका खेदाने म्हणाले. ‘एवढी यंत्रं बनवतात, आणि मोठी माणसं साडेएक म्हणतात.’ मग त्यांनी उलटी शिकवणी घेतली. महिन्याभरात ओ जिन्यात मला म्हणाले, ‘पावणे सात.’ मी बघितलं. खरंच पावणेसात झाले होते. ते भाजीवालीकडेही गेले आणि कोबी उचलून ‘किती वाजले?’ म्हणाले. ती म्हणाली, ‘वाजलेत नऊ, पण कोबी दोन रुपयेच.’

हळूहळू त्या घरात वेळेनेच सगळं बोलणं होऊ लागलं. ‘योडॉल-शी’ सरळ म्हटलं की जेवूया. तेच लांबवून म्हटलं की आज फार उशीर केलास. काकांनी कोरियातली वेळ आधी सांगितली तर त्याचा अर्थ, तुझी मुलं आता झोपली असतील. ओंनी मुलुंडची वेळ सांगितली तर, काका, तुमचं औषध. एका संध्याकाळी तिकडे दहा वाजल्याचं सांगताना काकांनी मिनिटांचा आकडा लावून ‘शिप-शी’ म्हटलं आणि ओ असे हसत सुटले की काकाही हसू लागले. मी तव्यावरची भाकरी विसरून भिंतीकडे बघत राहिले. त्या घरातून हसण्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होते.

ओंच्या घरून महिन्यातून एखाद्या रविवारी आमच्याकडे फोन येई. घरची परिस्थिती त्यांनी फोटो दाखवून सांगितली होती: दोन मुलं, बायको पुन्हा दिवसांत, आणि अंथरुणाला खिळलेले वडील. त्यांची सेवा म्हातारी आई करत होती. हे सगळं सोडून ते यंत्रासाठी इथे आले होते.

एका मंगळवारी मी शाळेतून येऊन जेवायला बसत होते तेव्हा फोन वाजला. परदेशचा फोन होता. आधी खरखर, मग एका म्हाताऱ्या बाईचा आवाज. ती रडत होती आणि भराभर बोलत होती. मी इंग्रजीत थांबा थांबा म्हणाले, ते तिला कळण्याचा प्रश्नच नव्हता. ओ त्या दिवशी यंत्राचा काही भाग आणायला पुण्याला गेले होते, संध्याकाळपर्यंत येणार नव्हते. मी रिसीव्हर टेबलावर ठेवून समोर धावले. ‘काका, चला. कोरियाचा फोन आहे. कुणीतरी रडतंय.’

काका उष्ट्या हाताने आले. डाव्या हाताने रिसीव्हर धरून ताठ उभे राहिले, कारखान्यात साहेबाचा फोन घेताना उभे राहत असतील तसे. ती बाई बोलत होती, काका ‘हं... हं...’ करत होते. मग तिचा श्वास अडकला, मध्ये जरा जागा झाली, आणि काकांनी आपल्याला येत असलेला एकमेव प्रश्न विचारला.

‘म्योत-शी-ये-यो?’

किती वाजले? मला एवढं कोरियन भिंतीतून कळत होतं, आणि त्या क्षणी मला त्यांचा राग आला. तिकडे कुणाचं काय झालंय आणि हे वेळ विचारतायत. पण पलीकडचं रडणं थांबलं. मग ती बाई हळू, एकेक शब्द सुटा करून काहीतरी म्हणाली. काकांनी तसंच हळू परत म्हटलं, ‘ओजॉन. ने-शी. ई-शिप-बुन.’

‘ने,’ ती म्हणाली. ने म्हणजे चार, आणि ने म्हणजे होसुद्धा, हे ओंनी त्यांना शिकवलं होतं. मग फोन कटला.

‘पहाटे चार वीस,’ काका म्हणाले.

‘पहाटे चार वीसला काय?’

‘ते कळलं नाही.’

आम्ही दोघं बसलो. मी म्हटलं, वाईटच बातमी आहे, वडील गेले असणार. काका म्हणाले, बायको बाळंत झाली असेल, आनंदानेही रडतात माणसं. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, ‘कुणी आलं तरी लोक तेच विचारतात आणि कुणी गेलं तरी तेच. किती वाजता? म्हणून मीही विचारलं. तिला ते बरोबर कळलं.’ 

सगळी दुपार त्यांना एकच काळजी. बातमी सांगताना चेहरा कसा ठेवायचा? दुःखी ठेवला आणि मूल झालेलं असलं तर अपशकुन. हसरा ठेवला आणि वडील गेलेले असले तर? ओ आले तेव्हा काका उंबऱ्यावर उभे होते. मीही माझ्या दारात होते. काकांनी हाताने फोनची खूण केली, कोरियाच्या दिशेला बोट दाखवलं, आणि कसलाही भाव चेहऱ्यावर न आणता तेवढी वेळ सांगितली. ओंनी त्यांच्याकडे बघितलं. काहीतरी विचारलं. काकांनी पुन्हा तीच वेळ सांगितली, कारण दुसरं काही त्यांच्यापाशी नव्हतं.

ओंनी आमच्याकडे येऊन फोन बुक केला. मग वाट बघणं. त्या काळी लवकर म्हटलं तरी तास-दीड तास जाई. दोघं आमच्या कोचावर शेजारी बसले. माझा नवरा आला, त्याने बूट हातात घेऊन आत नेले. अधूनमधून काका कोरियातली वेळ सांगत आणि ओ मान हलवत. फोन लागला तेव्हा ओ फार थोडं बोलले. रिसीव्हर ठेवल्यावर ते काकांकडे वळले. त्यांनी आपल्या छातीवर हात ठेवला आणि मग हात पुढे करून काकांच्या पांढऱ्या केसांना बोट लावलं.

वडील गेले होते.

मृत्यू झालेल्या घरी शेजाऱ्यांनी पिठलं-भात द्यायचा, म्हणून मी तो करून समोर घेऊन गेले. दोघं टेबलाशी बसलेले होते. मध्ये ते गजराचं घड्याळ. ओंनी साडेतीन तास मागे मोजून काटे फिरवले होते: एकला दहा कमी. त्या वेळी आपल्याकडे रात्र होती. ते घड्याळावर बोट ठेवून काकांकडे बघत होते. त्यांना काय विचारायचंय ते काकांना कळलं. त्यांनी दोन्ही हात जोडून गालाखाली धरले. झोपला होतास. मग स्वतःकडे बोट दाखवून पुन्हा तसंच केलं. मीही. ओंनी मान खाली घातली आणि तेव्हा कुठे त्यांना रडू आलं. काकांचा हात त्यांच्या पाठीवर होता, थोडा अवघडलेला, जसं नवख्या माणसाने मूल पहिल्यांदा उचलावं.

मी निघाले तेव्हा काका दारापर्यंत आले. ‘ही गेली तेव्हा मी ड्यूटीवर होतो,’ ते म्हणाले. ‘हॉस्पिटलात पोचलो आणि विचारलं, किती वाजता गेली? नर्स म्हणाली, सकाळी कधीतरी. हजार माणसांचं मी लिहून ठेवत होतो बघ.’ एवढं सलग बोललेले मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. मग त्यांनी दार लोटून घेतलं.

ओंना घरी जाता आलं नाही. यंत्राची चाचणी व्हायची होती. ते रोज कामावर गेले, रोज परत आले. शिकवणी बंद झाली ती पुन्हा सुरू झाली नाही, पण जेवणानंतर दोघं गॅलरीत बसत. पुढे दोनेक महिन्यांत यंत्र चालू झालं आणि ओ निघाले. काकांनी ते गजराचं घड्याळ त्यांना दिलं. सहारच्या विमानतळावर तपासणीवाल्यांनी टिकटिक ऐकून सगळी बॅग उसवली, असं म्हणतात. निघताना कोळणीने सुके बोंबील दिले आणि ‘ओ, परत या हो’ म्हणाली. ओ फार गहिवरलेले दिसले.

पावसाळ्यानंतर एका रविवारी त्यांचा फोन आला. काका बोलले, म्हणजे त्यांनी ऐकलं. ठेवल्यावर म्हणाले, ‘दुपारी. ओहू म्हणाला. तीन वाजून काही मिनिटं. या वेळी आलंय, गेलेलं नाही. आवाजावरून कळलं.’ त्यांनी आम्हाला पेढे आणून दिले. मुलगा की मुलगी, ते कळलं नव्हतं. त्यानंतर आणखी दोन फोन आले असतील. मग नाही आले. काका रविवारी सकाळी आमच्याकडे चहाला बसत आणि चहा संपला की जात. माझ्या नवऱ्याने एकदा म्हटलं, ‘आपण लावू या का?’ काका म्हणाले, ‘नको. त्याला त्याची माणसं आहेत.’

मी मात्र मग एक केलं. संध्याकाळी ते दारात दिसले की त्यांना कोरियनमध्ये वेळ विचारू लागले. माझा उच्चार भयंकर होता. काका उत्तर देत, माझ्या समाधानासाठी. पण त्यांना कळत होतं की मी विचारतेय ते का, आणि मलाही कळत होतं की त्यांना ते कळलंय. थोड्या दिवसांनी मी थांबवलं.

याच सुमारास काका रविवारी दुपारी घरी नसत. कुठे जातात ते सांगत नसत. माझा दीर मस्कतहून येणार होता म्हणून आम्ही दोघं एका रविवारी सहारला गेलो, तर तिथे कठड्याला टेकून काका उभे. इस्त्रीचा शर्ट, केस चापून बसवलेले. बस बदलत, आत शिरायचं तिकीट काढून, ते पूर्वेकडून येणाऱ्या विमानांच्या वेळी तिथे येऊन उभे राहत होते. त्यांना जपानी, चिनी आणि कोरियन माणसं वेगळी ओळखता येत नसत. तशा चेहऱ्याचं कुणी बाहेर आलं की काका अदबीने पुढे होत आणि कोरियनमध्ये मुंबईची वेळ सांगत. जपानी माणसं वाकून नमस्कार करत आणि पुढे जात. बहुतेक सगळी जपानीच असत.

आम्ही त्यांना हाक मारणार, एवढ्यात दारातून एक कुटुंब बाहेर आलं. कुठल्यातरी कंपनीच्या माणसाचं असावं. तरुण नवरा-बायको सामानाच्या मागे, आणि त्यांच्याबरोबर एक अगदी छोटीशी म्हातारी बाई, गर्दीने बावरलेली. काका पुढे झाले आणि म्हणाले, ‘ओहू. तू-शी. ई-शिप-बुन.’ दुपारचे दोन वीस.

म्हातारी थांबली. तिने काकांच्या शर्टाची बाही धरली आणि बोलायला लागली. काय बोलत होती कुणास ठाऊक. प्रवासाबद्दल असेल, घराबद्दल असेल. हात हलवत होती, मध्येच डोळे पुसत होती, मध्येच हसत होती. काका मान झुकवून ‘ने... ने...’ म्हणत होते. तिचा मुलगा दोनदा बोलवायला आला, तरी तिने बाही सोडली नाही. शेवटी तो तिला खांद्याला धरून घेऊन गेला. जाताना ती मागे वळून बघत होती.

माझा दीर आला. आम्ही काकांनाही टॅक्सीत घेतलं. ते पुढे, ड्रायव्हरशेजारी बसले. पवईचा तलाव मागे पडला. शेवटी मीच विचारलं, ‘काका, त्या आजी काय म्हणत होत्या?’

‘काही कळलं नाही,’ काका म्हणाले. बाही जिथे चुरगळली होती तिथे ते हात फिरवत होते. जरा वेळाने, मागे न बघता म्हणाले, ‘पण पुष्कळ बोलली गं. माझ्याशीच.’